जॉन न्यूटन : कृपेनें मोकळा झालेला मनुष्य

न्यूटन हें नांव ऐकतांच आमच्या विद्यार्थ्यांस सफरचंद व गुरुत्वाकर्षण ह्यांची आठवण होते. परंतु ज्याचें चरित्र आम्ही येथें सांगणार आहों तो शास्त्रज्ञ नव्हे. तो खलाशी, गुलामांचा व्यापारी व अखेरीस ख्रिस्ताचा सेवक झाला.

जॉन न्यूटन १७२५ सालीं लंडन येथें जन्मला. त्याची आई मोठी धर्मशील होती. परंतु तो सात वर्षांचा होण्यापूर्वींच ती वारली. बाप जहाजाचा कप्तान असल्यामुळें अकराव्या वर्षीं मुलगाहि समुद्रावर गेला. आईची शिकवण तो विसरला. शिव्याशाप व नास्तिकपणा ह्यांतच त्यास भूषण वाटूं लागलें. आरमारांत त्यास बळेंच भरती केलें. तेथून पळाला, म्हणून फटके बसले. पुढें पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गुलामांच्या व्यापाऱ्याच्या चाकरींत असतां भुकेनें व्याकुळ होऊन तो कंदमुळें कच्चींच खाई. त्याहि दुर्दशेंत युक्लिडच्या भूमितीचें पुस्तक त्यानें सोडलें नाहीं. वाळूवर काठीनें आकृति काढून तो सिद्धांत सोडवीत बसे.

१७४८ च्या मार्च महिन्यांत मायदेशीं परतत असतां भयंकर तुफानांत जहाज फुटलें व पाणी आंत शिरूं लागलें. पंपावर व सुकाणूवर राबतां राबतां त्यास बहुत वर्षांनीं देवाच्या दयेचें स्मरण झालें. जहाज वांचलें. २१ मार्च हा दिवस त्यानें पुढें जन्मभर प्रार्थनेनें पाळला.

चरित्र येथेंच संपतें तर सांगावयास सोपें गेलें असतें. परंतु त्यानंतरहि, १७५० पासून १७५४ पर्यंत, न्यूटन गुलामांच्या जहाजांचा कप्तान होता. रविवारीं तो खलाशांस जमवून उपासना चालवी, आणि त्याच जहाजाच्या तळाशीं आफ्रिकेंतील माणसें बेड्यांत जखडलेलीं असत! हा धंदा त्यानें सोडला तोहि पश्चात्तापानें नव्हे, तर अकस्मात् आलेल्या आजारामुळें.

मग तुफानांत त्यास भेटलेली कृपा खोटी होती काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. इस्राएल लोकांस रानांत मान्ना रोजच्या रोज वेंचावा लागे. कृपेचेंहि तसेंच आहे. ती एका दिवशीं बंदिखान्याचें दार उघडते, परंतु मनांतील एकेक बेडी तोडण्याचें तिचें काम नित्य चालूं असतें.

न्यूटननें पुढें लिव्हरपूल येथें जकातखात्यांत नोकरी केली. तेथें स्वतःच्या परिश्रमानें तो ग्रीक व हिब्रू शिकला व १७६४ सालीं ऑल्नी गांवीं पाळक झाला. ‘अमेझिंग ग्रेस’ हें जगप्रसिद्ध गीत त्यानें तेथल्याच गरीब मंडळीसाठीं रचिलें. १७८० त तो लंडनच्या एका मंदिरांत गेला. १७८५ सालीं विल्बरफोर्स हा तरुण सभासद राजकारण सोडावें कीं काय, अशा विवंचनेंत त्याजकडे आला. तेव्हां पार्लमेंटांत राहूनच देवाची सेवा करावी, असा सल्ला न्यूटननें त्यास दिला.

शेवटली बेडी तुटली ती १७८८ सालीं. गुलामांच्या व्यापाराविषयीं एक पुस्तिका प्रसिद्ध करून त्यानें त्यांतील क्रूरता व त्या पापांतील आपला स्वतःचा वांटा सर्व देशापुढें कबूल केला. धंदा सोडल्यास तेव्हां चौतीस वर्षें झालीं होतीं. पुढें पार्लमेंटच्या समितीपुढेंहि त्यानें साक्ष दिली. १८०७ च्या मार्चमध्यें ब्रिटिश पार्लमेंटनें हा व्यापार कायद्यानें बंद केला, आणि त्याच वर्षीं २१ डिसेंबर रोजीं वृद्ध न्यूटन प्रभूमध्यें निद्रिस्त झाला.

आपली चूक उघडपणें कबूल करण्याचें धैर्य ज्यास मिळालें, तोच खरा मोकळा. क्षमा आपल्या गुणांवर अवलंबून नाहीं हें ज्यास कळलें, त्यास दोष लपविण्याचें कारण उरत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडील मंडळींनीं सायंप्रार्थनेच्या वेळीं स्वतःस एवढेंच विचारावें : आपण वर प्रार्थना करीत असतां खालीं तळाशीं कोणी आपल्यामुळें बांधलेलें तर नाहीं ना?