डिग्री फिलॉसॉफीची, काम कवट्यांचं

टीवायची परीक्षा जवळ आली की नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न सुरू होतो. याला स्कोप काय? त्यातून विषय फिलॉसॉफी असेल तर विचारूच नका. आता एक अशी मुलगी डोळ्यांसमोर आणा, जिने बी.ए. केलं फिलॉसॉफीत, एम.ए. केलं समाजशास्त्रात आणि पीएच.डी. केली माणसाच्या कवट्यांची मापं घेऊन. तिचा सीव्ही आजच्या एखाद्या करिअर काउन्सेलरपुढे ठेवला, तर तो डोकं खाजवेल आणि मुलीला आधी एक काहीतरी ठरव म्हणून सांगेल. बरं, पीएच.डी. करून आल्यावर तिला त्या विषयातली नोकरीही मिळाली नाही. मिळाली ती ऑफिसातली.

ही मुलगी म्हणजे इरावती कर्वे. तुमच्यापैकी बहुतेकांना त्या ‘युगान्त’मुळे माहीत असतील. महाभारतातल्या माणसांवर लिहिणाऱ्या लेखिका, एवढीच आपली ओळख. पण त्यांचं शिक्षण ज्या वळणांनी गेलं, ती वळणं आज मेजर-मायनरच्या फॉर्मसमोर पेन चावत बसलेल्यांनी बघावीत अशी आहेत.

जन्म 15 डिसेंबर 1905, ब्रह्मदेशात, मिंज्यान गावी. वडील गणेश हरी करमरकर तिथे एका कापूस कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला पुण्यात हुजूरपागा शाळेच्या वसतिगृहात पाठवलं. तिथे शकुंतला परांजपे मैत्रीण झाली आणि त्या ओळखीतून इरावती रँग्लर परांजप्यांच्या घरी राहायला गेली. घर पुस्तकांचं आणि वादविवादाचं. एरवी लहानपणाबद्दल खूप सांगितलं जातं, पण आपल्याला इथे कॉलेजपाशी यायचं आहे.

फर्ग्युसनमधून 1926 साली त्या बी.ए. झाल्या. विषय फिलॉसॉफी. त्याच सुमारास दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी लग्न. दिनकरराव जर्मनीत केमिस्ट्री शिकून आलेले, फर्ग्युसनमध्येच शिकवणारे आणि महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. म्हणजे सून गेली ती देशातलं पहिलं महिला विद्यापीठ काढणाऱ्या माणसाच्या घरात. आता पुढचं सगळं सोपंच असणार, असं वाटेल. थांबा जरा.

बी.ए.नंतर त्यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली. या फेलोशिपचा उगम मजेशीर आहे. पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजांनी पुढे त्याच पैशातून कॉलेजच्या हुशार विद्यार्थ्यांसाठी फेलोशिप सुरू केल्या. न्यायमूर्ती रानड्यांनाही ती मिळाली होती. इरावतीबाईंनी या पैशावर फिलॉसॉफीतच एम.ए. करणं सगळ्यांनी धरून चाललं असतं. त्यांनी विषयच बदलला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचं डिपार्टमेंट 1919 साली निघालेलं, म्हणजे जेमतेम सात-आठ वर्षांचं. तिथे गो. स. घुर्ये शिकवत होते. नवा विषय, थोडे विद्यार्थी, पुढे नोकरी कुठे मिळेल याचा पत्ता नाही. त्यांनी चित्पावन ब्राह्मणांवर, म्हणजे स्वतःच्याच जातीवर प्रबंध लिहिला आणि 1928 मध्ये एम.ए. पूर्ण केलं.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी फिलॉसॉफी सोडली नाही, त्या तिथून निघाल्या. माणूस म्हणजे काय, हा प्रश्न तोच राहिला. फक्त तो पुस्तकात शोधायचा की माणसांत जाऊन, एवढा फरक पडला. स्ट्रीम बदलली की वर्षं वाया गेली असं आपण मानतो. प्रश्न बदललाय की फक्त उत्तर शोधायची जागा, हे मात्र कोणी विचारत नाही.

पुढची उडी मोठी होती. जर्मनीत जाऊन मानवशास्त्रात डॉक्टरेट करायचं ठरलं. दिनकररावांचा पूर्ण पाठिंबा होता. सासऱ्यांचा नव्हता. विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींना सुनेचं परदेशी जाणं पटलं नाही. घरातल्या थोर माणसाचा विरोध हा परक्यांच्या विरोधापेक्षा जड असतो, कारण त्याला वाईट म्हणण्याची सोय नसते. पैशाचाही प्रश्न होताच. शेवटी डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिलं. हेच मेहता पुढे 1960 मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. म्हणजे एज्युकेशन लोन ही काही आपल्या पिढीची भानगड नाही. त्या काळी ते बँकेऐवजी ओळखीच्या माणसाकडून मिळायचं, इतकंच.

बर्लिनमधल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत त्या दाखल झाल्या. संचालक आणि गाइड एकच, ऑयगेन फिशर. जर्मन भाषेत पीएच.डी.च्या गाइडला डॉक्टरफाटर म्हणतात. फाटर म्हणजे बाप. शब्दावरूनच कळतं की विद्यार्थ्याचं भवितव्य कोणाच्या हातात असायचं. आपण अॅडमिशन घेताना युनिव्हर्सिटीचं रँकिंग बघतो, शहर बघतो, हॉस्टेल बघतो. गाइड कोण आहे, त्याला काय सिद्ध करायचं आहे आणि त्याला नको ते उत्तर आलं तर तो काय करतो, हे बघायचं राहून जातं.

फिशर साधा माणूस नव्हता. वंशशास्त्रातलं तेव्हाचं मोठं नाव. गोऱ्या युरोपीय माणसाचा मेंदू श्रेष्ठ आणि त्याची खूण कवटीच्या आकारात सापडते, या कल्पनेला त्याच्याकडे मान होता. कवटीची उजवी आणि डावी बाजू अगदी सारखी नसते. युरोपीय कवटीत हा फरक जास्त असणार आणि तो जास्त बुद्धीचा पुरावा ठरणार, असं गृहीतक. इरावतीबाईंना काम दिलं गेलं ते नेमकं हेच तपासण्याचं. त्यांच्यासमोर 149 कवट्या होत्या. काही युरोपीय, काही जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून आणलेल्या. त्या माणसांना किंवा त्यांच्या घरच्यांना कोणी विचारलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

आता त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, घरी सासऱ्यांची नाराजी आणि डिग्री देणारा माणूस एका ठरावीक उत्तराची वाट बघतोय. मापं थोडी इकडेतिकडे ओढून गाइडला हवं ते लिहिलं असतं, तर पुण्यात कोणाला कळणार होतं?

त्यांनी मापं घेतली, आकडे मांडले आणि लिहिलं की वंश आणि कवटीचा हा असमानपणा यांचा संबंध दिसत नाही. मानवशास्त्राच्या जोडीला त्या झूलॉजी, संस्कृत आणि फिलॉसॉफीही शिकल्या होत्या. डॉक्टरेट मिळाली, पण गाइडने हात आखडता घेऊन गुण दिले. काही वर्षांत हिटलर सत्तेवर आला, फिशर 1933 मध्ये बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झाला आणि त्याच्या शास्त्राचा पुढे कशासाठी वापर झाला ते इतिहासाच्या पुस्तकात आहे. त्या यंत्रणेत शिरलेल्या एका हिंदुस्थानी विद्यार्थिनीने ते शास्त्र त्याच्याच फूटपट्टीने मोजून खोटं ठरवलं होतं. गंमत म्हणजे युगान्तवाली म्हणून आपण त्यांना ओळखतो आणि ही गोष्ट परवापरवापर्यंत फारशी कोणाला ठाऊक नव्हती.

डिग्री घेऊन त्या पुण्याला परतल्या. आणि पुढे? पुढे काहीच नाही. महाराष्ट्रात मानवशास्त्र शिकवणारं डिपार्टमेंटच नव्हतं, तर नोकरी कुठली मिळणार! 1931 पासून 1936 पर्यंत त्या महर्षींनीच काढलेल्या एसएनडीटी विद्यापीठात रजिस्ट्रार होत्या. फायली, परीक्षा, कार्यालयीन पत्रव्यवहार. जोडीला थोडंफार शिकवणं. बर्लिनमध्ये डॉक्टरेट केलेली बाई टपालावर सह्या करत होती. जीवनगाथा लिहिताना ही वर्षं सहसा एका ओळीत उरकतात, पण जी माणसं ती जगतात त्यांना ती एका ओळीत उरकता येत नाहीत. पीएच.डी. होऊन तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

डेक्कन कॉलेज 1934 साली बंद पडलं होतं. 1939 मध्ये ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं आणि इरावतीबाई तिथे समाजशास्त्राच्या रीडर झाल्या. वय तेहेतीस. पुरातत्त्वात ह. धी. सांकलिया त्याच वेळी रुजू झाले होते. दोघांनी मिळून गुजरातेत उत्खननाचं काम केलं. सांकलियांना दगडाची हत्यारं वाचता यायची, बाईंना हाडं. बर्लिनची विद्या अशी अनपेक्षित जागी कामाला आली.

मग सुरू झाली भटकंती. एसटीने, बैलगाडीने, पायी. मापं घ्यायची, रक्तगट तपासायचे, नातेसंबंध टिपायचे, गाणी उतरवून घ्यायची. इथे त्यांचा दुसऱ्या गाइडशी मतभेद झाला. घुर्यांचं म्हणणं असं, की एका मोठ्या जातीचे तुकडे पडत पोटजाती झाल्या. बाईंना फील्डमध्ये उलटं दिसलं. कुंभारांचंच घ्या. महाराष्ट्रात कुंभार म्हणवणारे अनेक गट आहेत, आपसात लग्नं करत नाहीत आणि ते एकाच मुळाचे असल्याचं मापांत दिसत नाही. धंदा एक म्हणून नाव एक, एवढंच. वेगवेगळे गट शेजारी येऊन बसले, असं त्यांनी मांडलं.

इथे एक गोष्ट झाकायला नको. डोकी मोजून समाज समजतो, या पद्धतीवर पुढच्या अभ्यासकांनी टीका केली आहे आणि ती रास्त आहे. फिशरचा निष्कर्ष त्यांनी नाकारला, त्याचं मोजमापाचं हत्यार मात्र बरीच वर्षं हातातून सोडलं नाही. गुरूशी भांडूनही गुरूची सवय अंगात राहते, ती अशी.

त्यांचं सगळं शिक्षण एकत्र दिसतं ते 1953 च्या भारतातल्या नातेसंस्थेवरच्या इंग्रजी ग्रंथात. मामा, आत्या, नणंद, मेव्हणा या शब्दांचा भाषांमधून माग काढत त्यांनी देशाचे चार विभाग पाडले आणि कुठे मामाच्या मुलीशी लग्न चालतं, कुठे ते पाप ठरतं, ते मांडलं. त्यासाठी संस्कृत लागलं, समाजशास्त्र लागलं, फील्डवर्क लागलं. यातलं एकही एकट्या डिग्रीने पुरवलं नसतं. ‘युगान्त’ला 1968 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते पुस्तकही असंच. त्यात कुंतीकडे आणि गांधारीकडे बघणारी नजर नातेसंबंधांच्या अभ्यासकाची आहे.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्या कोयनेच्या धरणग्रस्तांमध्ये फिरल्या. कोणाची किती जमीन गेली, मोबदला किती मिळाला, त्याचं काय झालं, नवीन गावात पाणी आहे का, शेजार राहिला का, याची घरोघर जाऊन नोंद केली. मुलगी जाई निंबकर यांच्यासह लिहिलेला तो अहवाल 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. 11 ऑगस्ट 1970 ला इरावतीबाई गेल्या. बर्लिनमध्ये कवट्या मोजणाऱ्या मुलीच्या कामात शेवटी आले होते ते जिवंत माणसांचे सातबारे आणि त्यांच्या विहिरी.