एक्स्प्लेनर : जन्मदाखला नाही, तरी पहिलीत प्रवेश कसा? बाबासाहेबांच्या शाळेपासूनची गोष्ट

साकोली : विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस भरतात. पहिलीत मूल घालायला आलेल्या पालकांकडे जन्मदाखला नसला, तरी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. या हक्काच्या इतिहासात डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोनदा भेटतात. आधी विद्यार्थी म्हणून, नंतर घटनाकार म्हणून.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये (आताचं प्रतापसिंह हायस्कूल) इंग्रजी पहिलीत एका नऊ वर्षांच्या मुलाचं नाव दाखल झालं. नाव भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टर क्रमांक १९१४. मराठी प्राथमिक वर्ग त्याने आधीच केले होते. वडील रामजी लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आई भीमाबाई तोवर वारलेल्या.

नाव दाखल झालं, पण वर्गात जागा मिळाली नाही. भिवाने वेगळं बसायचं, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी गोणपाट घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान तशीच. ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यात २०१७ पासून ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो.

पुढे मुंबई, न्यूयॉर्क, लंडन. मग संविधान सभा. नोव्हेंबर १९४८ मध्ये तिथे सक्तीच्या मोफत शिक्षणावर चर्चा झाली, तेव्हा वयोमर्यादा १४ ऐवजी ११ करा, अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला लावायला संविधानच बंदी घालतं, मग त्या वयापर्यंत त्याची जागा शाळेतच हवी, हा त्यांचा युक्तिवाद होता.

एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. मसुद्यात मोफत प्राथमिक शिक्षणाचा ‘हक्क’ लिहिलेला होता. तो काढण्याची दुरुस्ती त्याच चर्चेत आली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. उरलं ते सरकारला दिशा दाखवणारं कलम ४५. शाळा मिळाली नाही म्हणून पालकाला त्यावर कोर्टात जाता येत नव्हतं.

भंडाऱ्याशी त्यांचं नातं पराभवाचं. १९५४ मध्ये त्यांनी इथून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, तेव्हा जिल्हा मध्य प्रदेशात होता. काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले. बाबासाहेबांची ही शेवटची निवडणूक. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं.

गळालेला ‘हक्क’ २००२ मध्ये ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१(क) म्हणून परत आला. त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाच्या पुराव्याअभावी परत पाठवता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा, मुलाखतही घेता येत नाही. जन्मदाखला नसेल तर अंगणवाडीतली किंवा दवाखान्यातली नोंद चालते. तीही नसेल, तर पालकांनी वयाबाबत लिहून दिलेलं घोषणापत्र पुरतं.