लाल रंगापलीकडची ऊब

अभ्यासासाठी मी दुरूनच ताप मोजणाऱ्या अवरक्त तापमापकांची जागतिक बाजारपेठ निवडली. २०२० च्या साथीत हे यंत्र दारोदार दिसू लागले. मागणी, पुरवठा, किंमत यांचे तक्ते मांडता मांडता या मालाचे मूळ शोधू लागलो आणि विल्यम हर्शेल भेटले.

१७३८ साली जर्मनीतील हॅनोव्हर येथे एका लष्करी वादकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. १७५७ साली ते इंग्लंडला आले. पुढे बाथ येथे ऑर्गन वाजवून, शिकवण्या करून त्यांनी पोट भरले. आकाशाच्या वेडापायी स्वतः आरसे घासून दुर्बिणी केल्या. १७८१ साली त्यांना युरेनस सापडला. राजाकडून वर्षाला २०० पौंड मिळू लागले, तरी जोडीला ते दुर्बिणी बनवून विकत. व्यवहार त्यांना कळत होता.

सूर्य पाहण्याच्या निरनिराळ्या रंगीत काचांतून येणारी उष्णता कमीजास्त का, हा प्रश्न त्यांना पडला. १८०० साली, वयाच्या ६१ व्या वर्षी, लोलकातून पडलेल्या रंगांत त्यांनी तापमापक ठेवले. जांभळ्यापेक्षा लाल रंगात पारा अधिक चढला. लालच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे तर त्याहूनही अधिक! हे त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडले. १८२२ साली ते वारले.

मागणी पाहून माल काढावा, असे आम्ही वाणिज्य शाखेत शिकतो. त्या रिकाम्या जागी तापमापक ठेवला गेला, तेव्हा मात्र गिऱ्हाईक कोणीच नव्हते. माझ्या तक्त्यात या गोष्टीला रकाना नाही, म्हणून ती इथे लिहिली.