आद्याचार्य श्रीनागदेव आणि नित्यस्मरण

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी शके ११९६ (इ.स. १२७४) च्या सुमारास उत्तरापंथे गमन केले, तेव्हा भक्तजनांपुढे बिकट प्रश्न उभा राहिला. ज्या सन्निधानावर जीव विसंबले होते ते अंतरले. आता दिवस कोणत्या आधारे कंठावा? आचार्य श्रीनागदेव तथा भटोबास यांचे पुढील सारे आयुष्य हेच या प्रश्नाचे उत्तर होय.

शके ११५८ च्या सुमारास जन्मलेले नागदेव प्रथम दादोसांचे अनुयायी होते. पुढे ते स्वामींना अनुसरले. वियोगाने विकल होऊन ते रिद्धपुरास आले आणि श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. शके १२०८ च्या सुमारास श्रीप्रभूंचेही असन्निधान झाले व मार्गाचा सर्व भार आचार्यांवर आला.

त्या मार्गास मठाच्या भिंतींचा आश्रय नव्हता. आचार हाच त्याचा मठ होता. पहाटे उठून स्मरणास बसावे, विजनात राहावे, वेळ झाली की झोळी घेऊन भिक्षेस जावे, मिळालेले अन्न आवडनिवड न करता सेवावे, आणि स्थळाशी ममत्व जडू नये म्हणून अटन करावे. नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा यांचे स्मरण हा या दिनचर्येचा प्राण. भिक्षा, विजन व अटन ही त्याची अंगे होत.

रिद्धपुरी आचार्य असेच लीळांच्या मननात निमग्न असता म्हाइंभटांनी त्याविषयी विचारणा केली. त्यातूनच लीळा लिहून ठेवण्याचा संकल्प झाला. आचार्यांनी सांगाव्या, म्हाइंभटांनी लिहाव्या, आणि ज्यांनी त्या प्रत्यक्ष अनुभवल्या त्यांच्याकडे जाऊन पडताळाव्या, असे लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठीचा हा आद्य गद्यग्रंथ एका साधकाच्या नित्यस्मरणातून उपजला, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

केशोबासांसारखे व्युत्पन्न शिष्य संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांस आवरले. मार्गातील वृद्ध स्त्रियांस संस्कृत कळणार नाही, आणि जे कळत नाही त्याचे स्मरण कसे घडावे, ही त्यांची कळवळ होती. मराठीचा आग्रह असा स्मरणाच्या चिंतेतून आला.

शके १२२४ (इ.स. १३०२) च्या सुमारास आचार्यांचा देह पडला, परंतु त्यांनी लावून दिलेला क्रम मोडला नाही. आजही पहाटे जो साधक एक लीळा मनी आणतो, तो आचार्यांच्याच पंक्तीस बसतो. ज्या दिवशी स्मरण चुकते, त्या दिवशी असन्निधान खरे होते. म्हणून वासनिक असो वा संन्यस्त, प्रत्येकाने आपला नेम जपावा.