कै. गोविंदराव टेंबे

नाटकांत किंवा बोलपटांत जो पुढें येऊन गातो त्याचें नांव सर्वांच्या तोंडीं होतें. परंतु त्याच्या गाण्याला सूर पुरविणारा साथीदार बहुधा अंधारांतच राहतो. आपल्या शाळेच्या संमेलनांतहि टाळ्या मिळतात त्या गाणाऱ्याला, पेटीवर बसलेल्या मुलाला नव्हेत. अशाच एका पेटीवाल्यानें पुढें नाट्यसंगीत व बोलपट या दोन्ही क्षेत्रांत मानाचें स्थान मिळविलें. त्या कै. गोविंदराव टेंबे यांचें चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सादर करीत आहों.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजीं झाला. त्यांचें बालपण कोल्हापुरांत गेलें. छत्रपति शाहू महाराजांच्या आश्रयामुळें त्या काळीं कोल्हापूर ही गुणिजनांची पेठच बनली होती. तेथील देवल क्लबांत नामांकित गवयांच्या बैठकी होत, आणि तेथेंच गोविंदरावांना गाण्याचा नाद लागला. पेटी ते पुष्कळसे स्वतःच्याच खटपटीनें शिकले. पुढें गायनाचार्य भास्करबुवा बखले यांची साथ करतां करतां त्यांस विद्येचा मोठा लाभ झाला. अल्लादियाखांसाहेबांची रीतसर तालीम त्यांस मिळाली नाहीं; तरी त्यांच्या गायकीचें त्यांनीं निष्ठेनें मनन केलें व त्यांनाच गुरु मानलें.

पेटी हें वाद्य मूळचें युरोपांतील. भात्याच्या हवेनें पितळी पत्त्या थरारतात व सूर निघतो. परंतु एकदां बसविलेला तो सूर जागचा हलत नाहीं. आपल्या संगीताचा तर एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद जाणारी मींड हा प्राण. म्हणून अनेक जाणते लोक पेटीला कमी लेखीत. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला आपल्या कार्यक्रमांतून वर्ज्यच केलें, व तो निर्बंध सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. अशा वाद्यांतून गाण्याचा भास उत्पन्न करणें हें सोपें काम नव्हे. गोविंदरावांनीं तें साधलें, आणि पेटीवादनांत त्यांचें नांव सर्वतोमुखी झालें.

१९११ सालीं किर्लोस्कर नाटक मंडळीनें खाडिलकरांचें ‘मानापमान’ रंगभूमीवर आणलें. पूर्वीं बहुधा नाटककारच आपल्या पदांना परिचित चाली लावीत असे. या नाटकाच्या चाली मात्र गोविंदरावांनीं दिल्या. उत्तरेकडील ठुमरी, कजरी इत्यादि प्रकारांचें वळण त्यांनीं मराठी पदांत खेळविलें, आणि बालगंधर्वांच्या कंठांतून त्या चाली घरोघर पोंचल्या. १९१३ सालीं बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. पुढें ती सोडून त्यांनीं आपली शिवराज नाटक मंडळी काढली. तिच्यासाठीं नाटकें लिहिलीं, चाली दिल्या आणि स्वतः भूमिकाहि केल्या. तथापि ती मंडळी चिरकाल टिकली नाहीं.

येथें दुसरा एखादा मनुष्य खचला असता. गोविंदराव पन्नाशीस पोंचले, आणि तेव्हांच १९३१ सालीं हिंदुस्थानांत बोलपट अवतरला. दुसऱ्याच वर्षीं कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीनें शांतारामांच्या दिग्दर्शनाखालीं ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. त्याचें संगीत गोविंदरावांचें, आणि राजा हरिश्चंद्राची भूमिकाहि त्यांचीच. तारामती झाल्या होत्या दुर्गा खोटे. त्या वेळीं एकाचें गाणें दुसऱ्याच्या तोंडीं घालण्याची सोय नव्हती. नटानें अभिनय करतां करतांच गावें, वादकांनीं कॅमेऱ्याच्या नजरेआड बसावें, आणि सारें एकदम टिपलें जावें अशी रीत होती. ज्यानें आयुष्यभर साथ केली त्याला ही शिस्त नवी वाटण्याचें कारण नव्हतें. त्याच वर्षीं ‘माया मच्छिंद्र’ या बोलपटांत ते मच्छिंद्रनाथ झाले, व १९३३ सालच्या ‘सिंहगड’ व ‘सैरंध्री’ यांनाहि त्यांनीं संगीत दिलें.

उतारवयांत त्यांनीं लेखणी हातीं धरली. ‘माझा संगीत व्यासंग’ हें पुस्तक १९३९ सालीं व ‘माझा जीवनविहार’ १९४८ सालीं निघालें. आपण ऐकलेल्या थोर गवयांच्या स्मृति त्यांनीं अशा रीतीनें पुढील पिढीसाठीं जतन केल्या. ९ ऑक्टोबर १९५५ रोजीं दिल्ली येथें त्यांचें देहावसान झालें.

कीर्ति शिखरास पोंचली असतां गोविंदरावांनीं पेटीचे स्वतंत्र जलसे मागें टाकले व चाली रचण्यास वाहून घेतलें, ही गोष्ट आम्हांस विशेष मननीय वाटते. ज्या वाद्यानें नांव दिलें त्यालाच बिलगून बसणें सुखाचें होतें. पण त्यांनीं वाद्यापेक्षां विद्या मोठी मानली. म्हणूनच रंगभूमीचे दिवस पालटले तरी ते निराधार झाले नाहींत. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानीं ठेवावें. आणि पालकांनींहि मुलाच्या पेटीच्या सुरांना कटकट म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, एवढीच आमची विनंती आहे.