सुलतान जहाँ बेगम : एक आजन्म विद्यार्थिनी

वार्षिक परीक्षा संपली की एखाद-दुसरे पालक मुलीचा दाखला मागण्यासाठी शाळेत येतात. मुलगी हुशार असते, पुढे शिकावे अशी तिची इच्छाही असते. परंतु आता मुलगी मोठी झाली, पुरे झाले शिक्षण, असे ते सांगतात. अशा वेळी मला भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांची आठवण होते. पडद्यात राहून, धर्माचे सर्व नियम पाळून एक मुस्लिम स्त्री किती शिकू शकते व समाजासाठी किती करू शकते, याचे त्यांचे जीवन हे बोलके उदाहरण आहे.

भोपाळ संस्थानावर एकोणिसाव्या व विसाव्या शतकात एकामागून एक चार बेगमांनी राज्य केले. कुदसिया बेगम, सिकंदर बेगम, शाहजहाँ बेगम व सुलतान जहाँ बेगम ही त्यांची नावे. सुलतान जहाँ यांचा जन्म ९ जुलै १८५८ रोजी झाला. आजी सिकंदर बेगम मोठ्या कर्तबगार होत्या. नातीच्या शिक्षणाचे वेळापत्रक त्यांनी स्वतः ठरवून दिले होते. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत कुराणशरीफ, फारसी, इंग्रजी, पुश्तू, गणित व सुलेखन असे विषय असत. याशिवाय घोड्यावर बसणे व तलवारबाजी हेही शिकावे लागे. अशा रीतीने लहानपणीच त्यांना अभ्यासाची सवय जडली. १८६८ साली आजीचे निधन झाले, तेव्हा त्या अवघ्या दहा वर्षांच्या होत्या.

पुढील आयुष्य मात्र सुखाचे नव्हते. आई शाहजहाँ बेगम यांच्याशी त्यांचे संबंध बिघडले व अनेक वर्षे मायलेकींत अबोला राहिला. थोरली मुलगी बिल्किस जहाँ १८८७ साली, तर धाकटी आसिफ जहाँ १८९४ साली अल्लाला प्यारी झाली. १९०१ मध्ये आईच्या निधनानंतर सुलतान जहाँ गादीवर आल्या आणि पुरते एक वर्षही झाले नव्हते तोच त्यांचे पती अहमद अली खान वारले. राज्याचा सर्व भार एकट्या स्त्रीवर पडला. दुसरी एखादी खचून गेली असती. बेगमसाहेबांनी मात्र बुरखा घालून संस्थानाचे दौरे सुरू केले, रयतेची गाऱ्हाणी ऐकली व कारभाराची घडी बसवली.

१९०३ साली त्या हजला निघाल्या. त्या काळी हा प्रवास मोठा जोखमीचा होता. मदिनेच्या वाटेवर बेदुइन टोळ्यांनी त्यांच्या काफिल्यावर गोळीबार केला. तरीही न डगमगता त्यांनी यात्रा पूर्ण केली आणि परत आल्यावर त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणासाठी त्या इंग्लंडला गेल्या. याच प्रवासात त्यांनी फ्रान्स, स्वित्झर्लंड व तुर्कस्तान हे देशही पाहिले. सबंध प्रवासात त्यांचा बुरखा कायम होता, परंतु त्यामुळे नवे पाहणे व शिकणे कुठेही अडले नाही. धाकटी सून मैमुना सुलतान या प्रवासात सोबत होती. ही सून लहान वयात घरात आली. सासूने तिला स्वयंपाकघरात न अडकवता स्वतःच्या देखरेखीखाली शिकवले. पुढे त्याच सुनेने युरोपच्या प्रवासाचे वर्णन लिहून प्रसिद्ध केले. आपल्या घरांतील सासूबाईंनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.

भोपाळमध्ये त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या व सुइणींना शास्त्रशुद्ध शिक्षण देण्याची सोय केली. स्त्रियांना एकत्र येऊन काही शिकता यावे म्हणून १९०९ मध्ये महिला क्लब स्थापन केला. १९१८ साली भोपाळ शहरात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. राज्यकारभार सांभाळून त्यांनी आत्मचरित्र लिहिले, तसेच आरोग्य, गृहव्यवस्था व पतिपत्नींची कर्तव्ये या विषयांवर उर्दूत पुस्तके लिहिली.

त्यांची दृष्टी संस्थानापुरती मर्यादित नव्हती. अलीगढला शेख अब्दुल्ला व त्यांच्या पत्नी वहीद जहाँ यांनी १९०६ मध्ये मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा समाजातून कडवा विरोध झाला. बेगमसाहेबांनी या शाळेला मासिक मदत दिली आणि १९१४ मध्ये तिच्या वसतिगृहाचे उद्घाटन केले. त्याच वर्षी अलीगढला मुस्लिम महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, तिचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. मौलाना शिबली नोमानी यांच्या पैगंबरचरित्राच्या कार्याला त्यांनीच अर्थसाहाय्य केले. १९२० साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठ स्थापन झाले व पहिल्या कुलपती म्हणून त्यांची निवड झाली. ज्या काळी मुलीला शाळेत पाठवणे हेच धाडस समजले जाई, त्या काळी एका विद्यापीठाचे सर्वोच्च पद एका स्त्रीकडे आले, ही गोष्ट सामान्य नव्हे.

१९२४ साली दोन्ही थोरले मुलगे वारले. वयाची पासष्टी उलटलेली असताना, धाकटे पुत्र हमीदुल्ला खान यांचा वारसाहक्क मांडण्यासाठी त्या पुन्हा सातासमुद्रापलीकडे लंडनला गेल्या व यशस्वी होऊन परतल्या. १९२६ मध्ये त्यांनी राज्य मुलाच्या हाती सोपवले. त्यानंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ मध्ये आपल्या पुण्यात भरले. १९२८ मध्ये दिल्लीला भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद सुलतान जहाँ बेगम यांच्याकडे होते. मे १९३० मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत अलीगढचे कुलपतिपद त्यांच्याकडेच होते. त्याच विद्यापीठाला पहिली महिला कुलगुरू लाभण्यास पुढे २०२४ साल उजाडावे लागले. यावरून बेगमसाहेब काळाच्या किती पुढे होत्या हे समजते.

कोणी म्हणेल, त्या नवाब होत्या, त्यांना काय कमी होते? हे खरे आहे. परंतु संपत्ती पुष्कळांकडे असते. दोन मुलींना मातीत ठेवून आलेल्या या आईने दुसऱ्यांच्या मुली शिकाव्यात म्हणून ती खर्च केली, हे महत्त्वाचे आहे.

पालकहो, आपल्याकडे संस्थान नाही, खजिना नाही. पण मुलीला आणखी एक वर्ष शाळेत ठेवणे आपल्या हाती निश्चित आहे. मुलींनो, शिक्षण दाखल्याबरोबर संपत नसते. पुढील वर्षी कोणी दाखला मागायला येतील, तेव्हा त्यांच्यापुढे ही स्मरणिका ठेवावी, असा माझा विचार आहे.