गॅरी किल्डॉल: प्रत्येक मशीनसाठी तेच काम पुन्हा करून कंटाळलेला माणूस

गोंदियाजवळच्या बिरसीत ज्यांनी एखादी सकाळ घालवली आहे त्यांना हा आवाज ओळखीचा असेल. छोटं विमान धावपट्टीवरून उठतं, धानाच्या बांध्यांवरून एक गोल फेरी मारतं, खाली येतं, चाकं टेकवतं आणि लगेच परत उठतं. इथली धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली. आता तिथे नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे आणि पायलट व्हायला आलेली मुलं दिवसभर अशाच फेऱ्या मारतात.

मागच्या दिवाळीत मी घरी आलो तेव्हा बॅगेत फराळाच्या डब्यासाठी जागा कमी आणि वायरी जास्त होत्या. माझं काम म्हणजे नवीन बोर्डावर लिनक्स चालवून देणं. बोर्ड म्हणजे काय, तर स्क्रीन, बॅटरी आणि कव्हर काढून टाकलेला फोन समजा. प्रोसेसर, रॅम, मेमरी कार्डाचा खाचा, चार पिना. सोबत आणलेला बोर्ड ऑलविनर कंपनीच्या चिपचा होता. त्याच्यासाठी कर्नल मी स्वतः कॉन्फिगर केला, कार्डावर टाकला, लॅपटॉपला सिरियल केबल जोडली, पॉवर दिली. स्क्रीनवर ओळी धावल्या आणि शेवटी कर्नल पॅनिक. रूट फाइलसिस्टीम सापडत नाही म्हणे. सलग तीन दिवस तेच. आई विचारायची की सुट्टीवर आलास की ड्युटीवर, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

त्या तीन दिवसांत वरून विमानं जात होती आणि मला सारखा एक माणूस आठवत होता. गॅरी किल्डॉल. कॉम्प्युटरच्या इतिहासात त्यांच्या नावावर एकच किस्सा चिकटला आहे: आयबीएमचे लोक दारात आले तेव्हा हे महाशय विमान उडवत होते, आणि म्हणून बिल गेट्स श्रीमंत झाले. इंजिनिअरिंगला असताना हा किस्सा आम्हाला हसत हसत सांगितला होता. मीही हसलो होतो. नंतर कर्नलवर काम करायला लागलो तेव्हा कळलं की मी रोज ज्या जागी बसून काम करतो ती जागाच या माणसाने तयार केली आहे.

आधी कर्नलचं थोडक्यात. तुमचं कॅमेरा ॲप कॅमेऱ्याच्या चिपशी थेट बोलत नाही. ते कर्नलला सांगतं, आणि कर्नलमधला ड्रायव्हर त्या चिपला समजेल अशा भाषेत पुढे सांगतो. लिनक्स कर्नलमध्ये असे हजारो पर्याय असतात. प्रत्येकासमोर ठरवायचं: कर्नलच्या आतच बसवायचा, वेगळं मॉड्यूल म्हणून बाजूला ठेवायचा, की घ्यायचाच नाही. शिवाय डिव्हाइस ट्री नावाची एक फाइल लागते, ज्यात बोर्डावर कोणती वस्तू कोणत्या पत्त्यावर आहे याची यादी असते. लॅपटॉपमधल्या बऱ्याच वस्तू स्वतःची ओळख स्वतः सांगतात. फोनच्या चिपमधल्या सांगत नाहीत, त्यामुळे यादी हाताने द्यावी लागते. वरचा कर्नल सगळ्यांचा एकच, खालचा भाग प्रत्येक बोर्डाचा वेगळा. आज हे आपण गृहीत धरतो. १९७४ साली तसं नव्हतं.

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. घरची नौकानयन शिकवणारी शाळा होती. जहाज कुठे आहे हे आकड्यांवरून काढायला शिकवणारी. तरुणपणी त्यांनी तिथे शिकवलंसुद्धा. पुढे युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये गेले ते गणिताचे शिक्षक व्हायला, आणि कॉम्प्युटरमध्ये अडकले. शाळेपासूनची मैत्रीण डोरोथी यांच्याशी लग्न झालं. तेव्हा सैन्यसेवा सक्तीची होती, ती त्यांनी कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये शिकवून पूर्ण केली. १९७२ साली पीएचडी मिळाली. कंपायलरमध्ये डेटा-फ्लो ॲनालिसिस नावाचा जो भाग असतो, त्यातलं त्यांचं काम आजही शिकवलं जातं. म्हणजे हा माणूस गॅरेजमधला हौशी पोरगा नव्हता, पक्का प्राध्यापक होता.

इंटेलची ४००४ ही पहिली मायक्रोप्रोसेसर चिप बाजारात आली तेव्हा त्यांनी ती विकत घेऊन प्रयोग सुरू केले. मग आठवड्यातल्या मोकळ्या दिवशी इंटेलमध्ये सल्लागार म्हणून जाऊ लागले. १९७३ मध्ये त्यांनी मायक्रोप्रोसेसरसाठी पीएल/एम नावाची भाषा तयार केली. तोपर्यंत या चिपांसाठी एकेक सूचना असेंब्लीत लिहावी लागायची.

आता अडचण होती साठवणुकीची. प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवायचे. फ्लॉपी डिस्क नवीन होती. शुगार्ट कंपनीकडून किल्डॉल यांना चाचणीत वापरून झिजलेला एक आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला, पण तो चिपला जोडायचा कसा? कंट्रोलर त्यांना स्वतःला जमेना. (हे वाचून मला जरा बरं वाटलं.) शेवटी जॉन टोरोडे या मित्राने कंट्रोलरचं सर्किट बनवून दिलं, आणि १९७४ मध्ये किल्डॉल यांची सिस्टीम फ्लॉपीवरून चालू झाली. नाव सीपी/एम. फाइल उघडा, वाचा, लिहा, पुसा, यादी दाखवा, एवढंच तिचं काम. इंटेलला त्यांनी ती देऊ केली, इंटेलला पीएल/एममध्ये रस होता, सीपी/एममध्ये नव्हता. मग नवरा-बायकोने मिळून पॅसिफिक ग्रोव्ह या छोट्या गावात कंपनी काढली. नाव ठेवलं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. पुढे त्यातला इंटरगॅलॅक्टिक शब्द गळून पडला.

तीच ती रेघ

पहिल्या सीपी/एममध्ये हार्डवेअरचे तपशील सगळ्या कोडमध्ये विखुरलेले होते. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याचा ड्राइव्ह वेगळा, कंट्रोलर वेगळा, कीबोर्ड दुसऱ्याच पोर्टवर. मग पूर्ण सिस्टीम उघडा, शोधा, बदला, पुन्हा तपासा. दोन-तीन मशीनपर्यंत ठीक. मग इमसाय ८०८० हे मशीन बनवणाऱ्या कंपनीचे लोक सीपी/एम मागायला आले, आणि किल्डॉल यांना तेच काम पुन्हा करायचा कंटाळा आला होता.

त्यांनी काय केलं पहा. सिस्टीमचे तुकडे केले. वर कमांड वाचणारा भाग. मधे बीडॉस, म्हणजे फाइलींचा सगळा हिशोब. आणि तळाशी बायोस. हार्डवेअरशी संबंधित प्रत्येक ओळ बायोसमध्ये ढकलली, आणि वरच्या दोन तुकड्यांमध्ये एकही ठेवली नाही. तुमच्या लॅपटॉपच्या बायोसचं नाव इथूनच आलं, १९७५ च्या सुमाराला.

बायोसची सुरुवात एका छोट्या तक्त्याने व्हायची. सीपी/एमच्या २.२ आवृत्तीत त्यात १७ नोंदी आहेत. मशीन सुरू कर, की दाबली आहे का सांग, एक अक्षर वाच, एक अक्षर दाखव, ड्राइव्ह निवड, ट्रॅक निवड, सेक्टर निवड, वाच, लिही, अशा. बस. या १७ गोष्टी तुमच्या मशीनवर कशा करायच्या ते तुम्ही लिहा, बाकी सगळी सिस्टीम जशीच्या तशी चालेल. सोबत नमुन्याचा बायोस मिळायचा, त्यात आपले पोर्ट नंबर भरायचे. रॅम किती आहे तेवढा आकडा मूव्हसीपीएम नावाच्या प्रोग्रॅमला दिला की तो त्या मापाची सिस्टीम तयार करायचा, आणि सिसजेन ती फ्लॉपीच्या सुरुवातीच्या ट्रॅकवर लिहायचा. आम्ही आज कर्नल कॉन्फिगर करून कार्डावर टाकतो, तेच हे. फक्त आमच्याकडे हजारो पर्याय, त्यांच्याकडे १७.

आणि ॲप बनवणाऱ्याला याचा काय फायदा? त्याने मेमरीतल्या ५ नंबरच्या पत्त्यावर हाक मारायची आणि काय हवं त्याचा क्रमांक द्यायचा. खाली कोणतं मशीन आहे हे त्याला माहीत असायची गरजच नाही. वर्डस्टार, डीबेस असे प्रोग्रॅम एकदा लिहिले आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालले. इमसायने १९७७ मध्ये परवान्यासाठी २५,००० डॉलर दिले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सीपी/एम सुमारे ३,००० प्रकारच्या कॉम्प्युटरवर चालत होतं. सगळं गुळगुळीत होतं असं नाही हं. प्रत्येक कंपनीने फ्लॉपीवर माहिती मांडायची पद्धत वेगळी ठेवली, त्यामुळे प्रोग्रॅम चालायचा पण दुसऱ्याची फ्लॉपी वाचता यायची नाही. मांडणी ठरवायचा हक्क बायोस लिहिणाऱ्याला दिला की असं होणारच. पूर्वीचे मोबाइल चार्जर आठवा.

विमानाचा दिवस

१९८० मध्ये आयबीएमला आपल्या नव्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी सिस्टीम हवी होती. ते आधी मायक्रोसॉफ्टकडे गेले, गेट्स यांनी त्यांना किल्डॉल यांच्याकडे पाठवलं. आयबीएमचे लोक आले त्या सकाळी किल्डॉल खरंच विमान घेऊन गेले होते, पण मजा मारायला नाही, एका गिऱ्हाइकाच्या भेटीला. कंपनीचे व्यवहार नेहमी डोरोथीच बघायच्या. आयबीएमने समोर ठेवलेल्या गोपनीयतेच्या करारावर वकिलाच्या सल्ल्याने त्यांनी लगेच सही केली नाही. किल्डॉल यांच्या सांगण्यानुसार ते दुपारी परतले आणि भेट झाली. आयबीएमच्या बाजूने तसं मान्य केलं जात नाही. यातलं खरं-खोटं मी ठरवू शकत नाही. पण बोलणी फिसकटायची कारणं पुढची होती: आयबीएमला एकरकमी पैसे देऊन मोकळं व्हायचं होतं, किल्डॉल यांना प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी हवी होती, आणि नव्या चिपसाठीचं सीपी/एम-८६ अजून तयार झालं नव्हतं.

ते उशिरा येतंय म्हणूनच सिएटलच्या एका कंपनीत टिम पॅटरसन यांनी स्वतःची सिस्टीम लिहिली होती. सीपी/एमचे प्रोग्रॅम सहज आणता यावेत म्हणून हाका मारायची पद्धत सीपी/एमसारखीच ठेवलेली. मायक्रोसॉफ्टने ती घेतली आणि ती पीसी-डॉस झाली. किल्डॉल चिडले, पण सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटचा कायदा तेव्हा धूसर होता. तडजोड म्हणून आयबीएमने सीपी/एम-८६ सुद्धा विकायला ठेवलं. पीसी-डॉस ४० डॉलरला, सीपी/एम-८६ २४० डॉलरला. तुम्ही कोणतं घेतलं असतं?

त्यानंतरही किल्डॉल यांचं काम थांबलं नाही. टीव्हीवर द कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या कार्यक्रमाचे ते अनेक वर्षं सहसूत्रसंचालक होते. १९८५ मध्ये त्यांच्या दुसऱ्या कंपनीने अख्खा ज्ञानकोश सीडीवर आणला. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेलला विकली गेली. १९९२ मध्ये त्यांच्या विद्यापीठाने कॉम्प्युटर विभागाच्या २५ वर्षांच्या समारंभाला त्यांना पाहुणा म्हणून बोलावलं. मुख्य भाषण मात्र गेट्स यांचं, जे तिथे शिकलेलेही नव्हते. त्या सुमारास त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. ११ जुलै १९९४ ला माँटेरीत, डोक्याला झालेल्या इजेनंतर, वयाच्या ५२ व्या वर्षी ते गेले. २०१४ मध्ये त्यांच्या पॅसिफिक ग्रोव्हच्या जुन्या ऑफिसबाहेर आयईईईने एक फलक बसवला. त्यावर विमानाचा विषय नाही.

तुमच्या फोनचं काय? २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत गूगलने प्रोजेक्ट ट्रेबल आणला: चिप आणि फोन कंपन्यांचा हार्डवेअरचा भाग एका बाजूला, अँड्रॉइड दुसऱ्या बाजूला, मधे ठरलेली रेघ. पुढे कर्नलसाठीही तेच केलं, सामायिक कर्नल एक आणि कंपनीचे ड्रायव्हर बाहेर मॉड्यूलमध्ये. त्याआधी नवीन अँड्रॉइड आलं की फोन कंपनीला तळापासून सगळं जुळवावं लागायचं, म्हणून स्वस्त फोनला अपडेट बहुतेक वेळा मिळायचंच नाही. रेघ नीट मारायला आपल्याला चाळीस वर्षं लागली असं म्हटलं तर फार चूक नाही.

माझ्या बोर्डाचं सांगायचं राहिलं. चौथ्या दिवशी पहाटे, पहिलं विमान उठायच्या आत, मी दुसऱ्या बोर्डावरून उचललेली कॉन्फिग फाइल ओळ ओळ वाचायला बसलो. मेमरी कार्ड वाचणारा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवला होता. आणि मॉड्यूलची फाइल कुठे? त्याच मेमरी कार्डावर. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. एम च्या जागी वाय केलं, कर्नल पुन्हा बांधला, कार्डावर टाकला. या वेळी लॉगिनची ओळ आली. चहा घेऊन आलेल्या आईला स्क्रीन दाखवली तर तिने काळ्या पडद्यावरची ती एक ओळ बघितली आणि विचारलं की एवढ्यासाठी तीन दिवस?